थंड नंबरचा प्लग

मला सगळे बसवतात, पण मला काही बसवत नाही. एका जागी गप्प पडून राहा म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी प्लग आहे, स्पार्क प्लग. इंजिनात ठिणगी पाडणारा. जीव बोटाएवढा, पण मी रुसलो तर चार चाकांचं धूड जागचं हलत नाही. तुम्ही बसा निवांत, मी बोलतो. बोलताना मध्येच अडखळलो तर समजून घ्या. काजळी खाल्लेला गळा आहे माझा.

माझा जन्म कारखान्यातला. चिनी मातीची पूड दाबून माझं पांढरं अंग घडवलं, भट्टीत भाजलं, वर पोलादाचं कवच चढवलं आणि कवचाला आटे पाडले. खालच्या टोकाला मधोमध एक बारीक काडी, तिच्यासमोर मान वाकवून उभी असलेली एक पट्टी, आणि दोघींमध्ये जेमतेम नख जाईल एवढी फट. त्या फटीतून वीज उडी मारते. ती उडी म्हणजेच ठिणगी. मी सगळा जन्माला आलो तो त्या एका उडीसाठी.

शेवटी अंगावर नंबर छापला. त्या नंबरावरून प्लग गरम की थंड ते ठरतं. आता गंमत बघा. माझ्याइतका तापट प्राणी अख्ख्या कारखान्यात नव्हता, आणि शिक्का कसला बसला माझ्यावर? थंड!

थंड म्हणजे बर्फाचा गोळा नव्हे. ठिणग्या पाडता पाडता आमचं टोक तापतं. गरम प्लग ती ऊब धरून ठेवतो. थंड प्लग ती झटकन इंजिनाच्या अंगात सोडून मोकळा होतो. जी गाडी हळूहळू, थांबत थांबत चालते तिला गरम प्लग लागतो, कारण टोक तापलेलं राहिलं की त्याच्यावर बसणारी काजळी तिथल्या तिथे जळून जाते. जी गाडी जीव खाऊन पळवायची तिला थंड प्लग, नाहीतर टोक लालबुंद होऊन इंजिनाची वाट लागते. यात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. पण मला डबीत घालणारी बाई शेजारणीला म्हणाली, "हा शर्यतीचा माल हं," आणि मी जो फुगलो तो फुगलोच.

मग दुकान. स्पेअर पार्टच्या दुकानात मागच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या डबीत, अंधारात. बाहेरून गाड्यांचे आवाज यायचे आणि माझा जीव नुसता टांगणीला. तेलाच्या डब्यांना काही वाटत नाही, ते झोपतात. मला झोप कुठली? दुकानाचं दार वाजलं की वाटायचं, आले मला न्यायला. आणि कोणीतरी आरशाची काच घेऊन निघून जायचं.

एक दिवस मात्र माझाच नंबर कानावर आला. एक जण उजवा पाय जरा ओढत आत आला आणि फळीकडे न बघताच नंबर बोलला. दुकानदार काका म्हणाले, "काय तुफान, तोच नंबर?"

"तोच. दुसरा कशाला?"

तुफान! नावावरूनच माझा ऊर भरून आला. डोंगरातल्या चारचाकी शर्यतींत या माणसाने एके काळी भल्याभल्यांना धूळ चारली होती, हे मला फळीवरच्या गप्पांतून ठाऊक होतं. काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि मला त्याच्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, चला, सुटलो. आता पळायचं.

त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे ती उभी होती. जाड गुबगुबीत टायरची, उंच, लाल मडगार्डची. चार चाकांची मोटारसायकलच म्हणा, कागदोपत्री तिला एटीव्ही म्हणतात. तुफान तिला वाघीण म्हणायचा आणि त्याची आई म्हैस म्हणायची. तुफानने जुना प्लग काढला, माझी फट मोजली, आटे हाताने अलगद फिरवत मला बसवलं आणि मग पाना लावून घट्ट केलं. आमचं बसणं असं असतं की अर्धं अंग इंजिनाच्या पोटात आणि अर्धं बाहेर. म्हणून मला आतलंही कळतं आणि बाहेरचंही दिसतं. सासू दाराशी उभी राहते ना, तसं.

बाहेर बघतो तर काय! मागच्या कॅरिअरवर पेटी बांधलेली. पेटीत दोरखंड, बादली, रबरी बूट, साबण, सुयांचे डबे. मी चक्रावलो. शर्यतीत बादली कशाला?

तेवढ्यात एक बाई आली. केस घट्ट बांधलेले, खांद्याला बॅग. "झाली का हो नीट? मला वरच्या वस्तीवर जायचंय, तीन म्हशींना सुया द्यायच्यात."

"झाली, डॉक्टर. जा आता उडत."

ती त्याची बायको. जनावरांची डॉक्टर. डोंगरावर जिथे मोटार चढत नाही अशा वाड्यावस्त्यांची गुरं तिच्याकडे होती. आणि ही वाघीण आता तिची गाडी होती. ती बसली, बटण दाबलं, आणि माझ्या आयुष्यातली पहिली ठिणगी पडली. आहाहा! काय सांगू तुम्हाला! मी तयार झालो. आता ही ॲक्सिलरेटरचा कान पिळणार, आता आम्ही उधळणार...

कसलं काय. बाई निघाली ती गोगलगायीच्या मागे राहून.

तिचं चुकत नव्हतं, हे मला आता कळतं. पेटीत काचेच्या बाटल्या, रस्त्यात दगडगोटे, एका बाजूला दरी. पण तेव्हा माझा नुसता जळफळाट. दर फाटकाशी थांबायचं. गाडी चालूच ठेवायची आणि गप्पा मारायच्या. "पाय कसा आहे गं गाईचा?" "खातेय का नीट?" "आणि तुझी सून आली का माहेरून?" तिकडे गप्पा, इकडे मी गुदमरतोय. इंजिन मंद फुरफुरतंय, पेट्रोल अर्धवट जळतंय, आणि माझ्या टोकावर काळी मऊ काजळी थरावर थर बसतेय. जाळून टाकायला ऊब हवी ना! मी थंड. आलेली ऊब मी धरतच नाही. मग विजेला उडी मारायची गरजच उरत नाही, ती काजळीवरूनच चोरवाटेने निसटते. मी ठिणगी पाडायला जातो आणि नुसतीच उचकी लागते.

गाडी धक्के खात घरी आली की तुफान मला बाहेर काढायचा. काळाठिक्कर झालेला मी. तारेच्या ब्रशने घासायचा, पॉलिश पेपर फिरवायचा, पेट्रोलने धुवायचा आणि पुन्हा तिथेच. चार दिवस बरे, पुन्हा उचकी.

आणि दर वेळी दोष कोणाला? आधी पेट्रोलला. पंपवाला भेसळ करतो. मग हवेच्या फिल्टरला. मग कार्बोरेटर उघडला, धुतला, पुन्हा जोडला. मग डॉक्टरच्या चालवण्याला. "अगं, तू तिला रडवत नेतेस. जरा दाब की ॲक्सिलरेटर. ही काय बैलगाडी आहे?"

"दाबते. मग बाटल्या फुटल्या की तुम्ही द्या औषध, फुंकर मारून."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते ऐकून होतो. पण या माणसाला नाचता येत होतं हो! हीच तर गोम होती. त्याला सगळं कळत होतं. मला हातात घेऊन त्याने कितीदा उजेडात धरलं असेल. प्लगचा रंग बघून इंजिनाची नाडी सांगणारा माणूस तो. बिस्किटासारखा तपकिरी रंग असला की सगळं ठीक, पांढराफटक म्हणजे फार तापलं, आणि काळा म्हणजे प्लग या कामाला फार थंड. शेजारपाजारचे लोक आपापले प्लग त्याला दाखवायला आणायचे. त्यांना तो एका शब्दात सांगायचा, "गरम नंबर लाव." स्वतःच्या गाडीपाशी आला की तोंडाला कुलूप.

का, ते मला शेडमधल्या भिंतीने सांगितलं म्हणा. भिंतीवर त्याचं हेल्मेट टांगलेलं होतं, एका बाजूने खरवडलेलं. एका उताराच्या वळणावर गाडी त्याच्या अंगावर उलटली होती. गाडी दुरुस्त झाली. गुडघा नाही झाला. पण कोणी भेटायला आलं की तो गाडीवर थाप मारून म्हणायचा, "हिला मी शर्यतीच्या सेटिंगवरच ठेवलीय. पुढच्या मोसमात बघा." पुढचा मोसम आला की त्याच्याही पुढचा. गाडीतलं शर्यतीचं बाकी सगळं एकेक करून गेलं होतं. आरसे लागले, कॅरिअर लागलं, पेटी लागली. उरलो होतो मी एकटा. मला काढून गरम प्लग लावायचा म्हणजे शर्यत संपली हे कबूल करायचं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आणि खरं सांगू, मला ते आवडत होतं. आम्ही दोघे एकाच माळेचे मणी. त्यालाही पळायचं होतं, मलाही.

डॉक्टरला हे कळत नव्हतं असं नाही. एकदा ती हळूच म्हणाली, "अहो, पार्टवाले काका म्हणत होते, तुमचा प्लग फार थंड आहे म्हणून."

त्याने उत्तर द्यायच्या आत सासूबाईंनी ऐकलं. त्या अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. "थंड? अरे देवा! तरीच! डोंगरातल्या गारठ्यात हिंडते ती म्हैस, आणि तू तिला वर थंड देतोस? बाधलंय तिला. बघ कशी शिंकतेय सकाळपासून. काहीतरी उष्ण दे बाबा!"

डॉक्टरला हसू आवरेना. तिने तोंडावर पदर नाही, स्टेथोस्कोप धरला. तुफान म्हणाला, "आई, बाहेरच्या हवेशी त्याचा काही संबंध नसतो."

"संबंध नाही कसा? तुला लहानपणी थंड बाधायचं, तेव्हा रात्रभर कोण बसायचं उशाशी? मला शिकवतोस!"

तोही हसायला लागला. म्हातारीचं शास्त्र सपशेल चुकलं होतं, पण औषध नेमकं बरोबर होतं, आणि हे त्या अंगणात त्याला आणि मला पक्कं माहीत होतं. तो उठून शेडमध्ये आला. मला काढलं. मला वाटलं, संपलं माझं. पण त्याने ब्रश उचलला आणि मला इतकं घासलं, इतकं घासलं की माझ्या कवचाचे डोळे पांढरे झाले.

डॉक्टरने पुन्हा विषय काढला नाही. नवऱ्याच्या तोंडातली शर्यत काढून घ्यायची तिची छाती होत नव्हती. ती पेटीत आणखी एक पाना ठेवायला लागली, एवढंच.

मग तो दिवस आला.

दुपारची जेवणं आटोपत होती तेवढ्यात वरच्या कुरणावरच्या गवळ्याचा फोन आला. गाय अडली होती. वासरू आडवं आलेलं. गवळी फोनवर ओरडतच होता, "बाई, लवकर या हो, तिला सहन होईना!" डॉक्टर तोंडातला घास तसाच गिळून उठली. "गाडी ठीक आहे ना हो?"

"कालच प्लग साफ केलाय. जा बिनधास्त."

खालचा रस्ता आम्ही बरा काढला. त्या दिवशी तीही जोरात हाकत होती, आणि मला जरा जोम आला. पण पुढे ओढा लागला. ओढ्यात गाडी माणसाच्या पावलाने न्यावी लागते. ओढ्यानंतर दगडांची चढण, पहिल्या गिअरमध्ये, कण्हत कण्हत. माझ्या टोकावर काजळी चढायला लागली. मी म्हटलं, आज नको. निदान आज तरी नको. मी जिवाच्या आकांताने उडी मारत होतो, पण एक ठिणगी पडायची, तीन निसटायच्या. चढणीच्या मधोमध गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली.

डॉक्टरने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग पाना काढला आणि मला उघडलं. मी तापलेलो होतो, तिची बोटं पोळली, तरी तिने मला सोडलं नाही. केसातली पिन काढून माझ्या तोंडातली काजळी खरवडली, कापसाने पुसलं, पुन्हा बसवलं. गाडी सुरू झाली. दोन वळणं गेली आणि पुन्हा आचका. पुन्हा उघडलं, पुन्हा पुसलं. या वेळी इंजिन नुसतं खोकलं, म्हणून तिने मला तिसऱ्यांदा बाहेर काढलं. वरून गाईचं हंबरणं ऐकू येत होतं.

"चल गं बाई, चल," ती गाडीला म्हणाली. मग म्हणाली, "मर तिकडे!" आणि बॅग, बादली, दोरखंड घेऊन पायी चढायला लागली. मी तिच्या हातातच होतो. तिने घाईत मला कोटाच्या खिशात कोंबलं.

ती धावत होती. चढणीवर धावता येत नाही, तरी धावत होती. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. मी खिशात तिच्या मांडीवर आपटत होतो. सगळा जन्म मी वेगासाठी झुरलो, आणि आज ही बाई पायाने पळतेय ती माझ्यामुळे.

आम्ही पोचलो तेव्हा गवळी आणि त्याची बायको गाईपाशी गुडघ्यावर बसले होते. वाट बघून बघून त्यांनी स्वतःच ओढायचा प्रयत्न केला होता. डॉक्टरने बाह्या सरकवल्या, साबण लावला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ ती गाईशी हळू आवाजात बोलत होती, "थांब राणी, थांब माझे आई, झालं हं." वासरू वळलं. बाहेर आलं. तिने त्याच्या नाकातोंडातलं पुसलं, छाती चोळली, उलटं धरलं, पुन्हा चोळली. वासरू दगावलं होतं. गाय वाचली.

गवळ्याने तिच्या हातावर पाणी घातलं. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई. तुम्ही काय करणार? आमचंच नशीब फुटकं." एका शब्दाने तो तिला लागेल असं बोलला नाही, आणि तेच तिला लागलं. खाली उतरताना तिने खिशात हात घातला आणि मला मुठीत असं आवळलं की माझे आटे तिच्या तळव्यावर उमटले. ती रडत होती. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

गवळ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढत घरी आणून सोडली. उन्हं कलली होती. तुफान ओट्यावर होता, तो लंगडत पुढे आला. "काय झालं? बंद पडली? कार्बोरेटरमध्ये कचरा गेला असणार, मी सकाळी..."

डॉक्टरने खिशातून मला काढलं आणि त्याच्यासमोर ओट्यावर ठेवलं. काळाकुट्ट.

"अहो, पुरे," ती म्हणाली. "वासरू गेलं."

 सासूबाई आतून आल्या, सुनेचा चेहरा बघितला आणि दाराशीच थांबल्या.

"मी ठरवलंय," डॉक्टर म्हणाली. "डोंगराची फेरी सोडते. खालच्या दवाखान्यात जागा आहे. तिथे टेबलामागे बसायचं, जनावरं चालत येतात. ज्यांना चालता येत नाही त्यांचं त्यांचे मालक बघतील."

"अगं, पण तुला तर डोंगरातलंच काम..."

"हो. तेच आवडतं. मला दुसरं काही करावंसं वाटतच नाही. पण मी गाईपाशी पोचणार की नाही हे मला घरून निघताना माहीत नसेल, तर मी डॉक्टर कसली?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमची शर्यत मी कधी मोडली नाही. चार लोकांत तुम्ही पुढचा मोसम म्हणता, मी मान डोलवते. पण माझी शर्यत रोज मोडते हो, आणि ती तुम्ही मोडता. तुम्हाला कळतं सगळं. कळत नसतं तर मी रागावले नसते."

ती आत गेली. सासूबाई तिच्यामागे गेल्या.

तुफान माझ्यासमोर बसून राहिला. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे. गुडघा गेला तेव्हा याचं जे गेलं होतं, तेच आता तिचं जाणार होतं. फरक एवढाच की याचं एका वळणाने नेलं, आणि तिचं हा स्वतः नेत होता. त्याने मला उचललं, पण ब्रश नाही घेतला.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर हजर. काकांनी शटर वर केलं. मागोमाग दोन पोरगेलेसे शर्यतवाले आत शिरले. त्यांतला एक तुफानला बघून उजळला. "अरे, तुफानदादा! या मोसमात उतरताय ना? तुमचा थंड नंबरच घेणार आम्ही पण."

काका मला हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "काय काम करते रे गाडी हल्ली?"

साधा प्रश्न. पण तुफानच्या कपाळावर घाम आला. मोठ्या वळणावर माणूस श्वास धरतो तसा त्याने धरला, आणि मग सोडला.

"बायको चालवते," तो म्हणाला. "जनावरांची डॉक्टर आहे ती. डोंगर चढते, पहिल्या गिअरमध्ये. दर फाटकाशी थांबते. गाडी चालू ठेवून गप्पा मारते. मागे पेटी असते औषधांची, म्हणून कधी पळवत नाही. पळवावी असं मला वाटतं, पण तिचं काम ते नाही." मग त्या पोराकडे वळला. "मी उतरत नाही बाबा. या मोसमात नाही, पुढच्याही नाही. माझं झालं. तुम्ही उतरा."

पोरं खाली बघायला लागली. काकांनी गाडीची कंपनी विचारली, आट्यांची लांबी जुळवली, आणि माझ्याहून तीन पायऱ्या गरम असा प्लग काढून दिला. ती गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला हाच होता म्हणे. मग मला कचऱ्याच्या डब्याकडे नेत म्हणाले, "हा टाकू?"

"नको, इकडे द्या," तुफान म्हणाला. "चांगला प्लग आहे तो. त्याचं काही चुकलं नाही. चुकीच्या कामाला मी लावला त्याला."

माझं काय झालं असेल तेव्हा! इतके दिवस मी काळं तोंड घेऊन घासला जात होतो, आणि मला वाटत होतं की मीच नालायक. मला हसावं की रडावं कळेना. शर्यत माझीही संपली होती हो.

घरी येऊन त्याने नवा प्लग बसवला. बटण दाबलं. इंजिन गुणगुणायला लागलं, एक उचकी नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? डॉक्टर आवाज ऐकून बाहेर आली आणि दाराशीच हाताची घडी घालून उभी राहिली.

"गरम लावला," तो म्हणाला.

"बघू," ती म्हणाली.

"मला त्या गवळ्याकडे ने. त्याला सांगायचंय मला."

"काय सांगायचंय?"

"ते मी सांगतो ना. तू ने फक्त. चालव तूच. मी मागे बसतो."

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. ज्या माणसाने जन्मात कोणाच्या मागे बसून प्रवास केला नाही, तो पेटी बाजूला सरकवून बायकोच्या मागे चढला. "नीट धरून बस रे!" म्हातारी ओरडली. मला त्याने सीटखालच्या हत्यारांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

ओढा आला, चढण आली. गाडी हळू, फार हळू चढली, आणि एकदाही थांबली नाही. मी फडक्यात कान लावून ऐकत होतो. चढण संपल्यावर वर कुरणाचा सपाट तुकडा लागतो. तिथे डॉक्टरने काय मनात आणलं कोण जाणे, एकदम कान पिळला. मागून तुफान किंचाळला, "अगं हळू! बाटल्या!" आणि ती हसली. कालपासून पहिल्यांदा हसली.

गवळी गाईला पेंढा घालत होता. तुफान उतरला, पाय ओढत त्याच्यापाशी गेला. "बाईंना काल उशीर झाला तो माझ्यामुळे. गाडीत काय हवं ते मला ठाऊक होतं, आणि मी ते लावलं नाही. तुमचं वासरू माझ्या हट्टापायी गेलं. नशिबाला नका बोल लावू."

गवळी बराच वेळ पेंढीची दोरी सोडत राहिला. त्याने "असू दे" म्हटलं नाही, आणि का म्हणावं? मग तो तुफानला सोडून डॉक्टरकडे वळला. "दुसऱ्या गाईचेही, तांबडीचे, दिवस भरत आलेत, बाई. खाली दवाखान्यात जाणार असं काल ट्रॅक्टर वळवताना कानावर आलं. तुम्ही असाल ना?"

डॉक्टरने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. कान, डोळे, कास सगळं बघितलं. मग येऊन गाडीवर बसली आणि बटण दाबलं. निघताना बायामाणसं रोज म्हणतात तोच शब्द ती म्हणाली, आणि गवळ्याला हवं होतं ते उत्तर त्याला मिळालं.

"येते," ती म्हणाली.

तेव्हापासून मी त्या डब्यात आहे. अडीअडचणीला म्हणून, पाना आणि पक्कडीच्या शेजारी. रोज डोंगर चढतो, रोज आदळतो, आणि अजूनही सपाट तुकडा आला की माझी वळवळ सुरू होते. स्वभाव आहे, तो कुठे जाणार? नवा प्लग बिस्किटी रंगाचा झालाय. परवा तुफानने तो काढून बघितला, पुसून तसाच परत लावला आणि शीळ घालत घरात गेला.

तुम्ही कधी प्लग घ्यायला गेलात, तर दुकानदाराला गाडी जे खरंच करते ते सांगा. तिने काय करावं असं तुम्हाला वाटतं, ते सांगू नका. लाज वाटली तरी खरं सांगा. तुमच्या गाडीवरून कोणाला तरी कुठेतरी पोचायचं असतं, आणि तिथे कोणीतरी वाट बघत असतं.

बाई सीटवर बसल्याचा धक्का लागला बघा. निघालो आम्ही. बरं तर, येतो.